आरओ गाळणी, मत्स्यालयाची
नाशिक शहराला मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणाचे पाणी मिळते. बोअरवेलचे पाणी मात्र बेसाल्टच्या कातळातले, बहुधा जड. डिस्कससारख्या मऊ पाण्यातल्या माशांसाठी ते आरओतून काढतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पॉलिअमाइड मेम्ब्रेनला मारक असतो, म्हणून खरी निगा राखायची ती कार्बन फिल्टरची; तो वेळेवर बदलला नाही तर महागडी मेम्ब्रेन लवकर जाते. पावसाळ्यात पांढरा स्पन फिल्टर गाळाने तांबूस होतो. तो धुऊन पुन्हा बसवणे ही खोटी काटकसर. टीडीएस मीटरने आत येणारे आणि गाळलेले पाणी मोजावे : ३०० चे ३० झाले, तर मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवते आहे, आकडा ६० कडे सरकला की ती बदलावी. निव्वळ आरओचे पाणी टाकीत ओतू नये, क्षारांअभावी सामू एकाएकी ढासळतो. वाया जाणारे पाणी फरशी पुसायला चालते.