विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत बहुधा कणवेने नाहीतर थट्टेने उच्चारली जाते. आज या गावी तर उद्या त्या गावी, असे ज्याचे आयुष्य, त्याच्या वाट्याला ती येते. परंतु गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील सुखवस्तू माणसाने हेच बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतले आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजले, ही मोठी नवलाची गोष्ट होय. मोटारीमागे जोडावयाचे चाकांवरचे घर, ज्याला इंग्लंडात कॅराव्हान व अमेरिकेत ट्रेलर म्हणतात, त्याचा इतिहास केवळ कारखान्यांचा नाही. गाडी कारखान्यातून नवी कोरी बाहेर पडते, आणि पहिल्या मुक्कामाच्या आतच तिचा मालक करवत, हातोडी व खिळे घेऊन तिच्यात शिरतो. कपाटाला कडी नाही, दिवा डोक्यावर येतो, ताटे वाजतात, पाण्याचे पिंप ठेवावयास जागा नाही. गाडी पुरी होते ती मालकाच्या हातून. आणि पुष्कळदा या दुरुस्त्यांतूनच पुढची गाडी जन्मास आली आहे.

या हौशी परंपरेचा मूळ पुरुष म्हणून डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स याचे नाव घेतात. हा स्कॉटिश गृहस्थ ब्रिटिश आरमारात शल्यवैद्य होता. नोकरी सुटल्यावर तो इंग्लंडातील ट्वायफर्ड या गावी स्थायिक झाला आणि मुलांसाठी साहसकथा लिहून त्याने नाव मिळविले. त्या बाजूस जिप्सी लोकांच्या गाड्या येत. त्यांची ठेवण, नीटनेटकेपणा आणि आतील ऊब पाहून त्याला वाटले, आपणही अशीच एक गाडी करावी. ब्रिस्टल येथील आगगाडीचे डबे व गाड्या बांधणाऱ्या कारखान्याकडून त्याने ती बांधवून घेतली. लांबी सुमारे अठरा फूट, वजन जवळजवळ दोन टन, ओढावयास दोन घोडे. गाडीचे नाव 'वॉन्डरर', म्हणजे भटका.

आरमारात आयुष्य काढलेला हा माणूस गाडीकडे गाडी म्हणून पाहतच नव्हता. त्याच्या लेखी ती जमिनीवरची नौका होती, आणि त्याने तसे लिहूनही ठेवले आहे. जहाजावर वस्तू जागच्या जागी नसेल तर वादळात ती कपाळमोक्ष करते. हा धडा त्याने गाडीत आणला. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकाची. रात्री बैठकच बिछाना होई. पुस्तकांचे कपाट होते, तेलावर चालणारी शेगडी होती. १८८५ सालच्या उन्हाळ्यात तो निघाला. बरोबर फोली नावाचा नोकर, जॉन नावाचा गाडीवान, हरिकेन बॉब हा दांडगा कुत्रा आणि पॉली नावाचा पक्षी, असा लवाजमा. फोली तीनचाकी सायकलवर पुढे जाई, वाट अरुंद आहे की काय ते पाही आणि रात्री घोड्यांची सोय कोठे होईल याची चौकशी करी. असे करीत ही वरात ट्वायफर्डहून थेट उत्तर स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे पोहोचली. तेराशे मैलांच्या या प्रवासाचे पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून अनेकांना गाडीचा ध्यास लागला. १९०७ साली इंग्लंडात कॅराव्हान क्लब स्थापन झाला, त्याच्या उपाध्यक्षांत स्टेबल्सचे नाव होते.

येथे थोडे थांबावयास हवे. ज्या जिप्सी लोकांची गाडी पाहून ही हौस उत्पन्न झाली, त्यांचे काय झाले? ज्या काळात डॉक्टरसाहेब मजेत उत्तरेकडे चालले होते, त्याच काळात जॉर्ज स्मिथ नावाचा एक समाजसुधारक इंग्लंडात असा कायदा व्हावा म्हणून खटपट करीत होता, की चाकांवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची सरकारदप्तरी नोंद व्हावी, अधिकाऱ्यांनी गाडीत शिरून स्वच्छता तपासावी आणि मुलांना सक्तीने शाळेत घालावे. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. पण पाळत ठेवली जाणार होती ती कोणावर, हे उघड होते. या बिलाच्या भीतीने जत्रेत खेळ करणाऱ्या गाडीवासी लोकांनी १८८९ साली आपली संघटना उभारली, आणि ते बिल पुन्हा पुन्हा मांडूनही संमत झाले नाही. एकच गाडी, सुशिक्षित डॉक्टर तिच्यात बसला की ती आरोग्यदायी हौस, आणि जिप्सी बसला की ती सार्वजनिक पीडा!

मराठी माणसाला तर या गोष्टीत अधिकच जवळीक वाटावी. जिप्सी, म्हणजे रोमा लोक, यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून विद्वानांनी सिद्ध केले आहे. त्यांच्या बोलीत आजही पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान' असेच म्हणतात. आणि ज्या ब्रिटिश पार्लमेंटात ते बिल मागे पडले, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून भटक्या जातीच्या जातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या. १९११ च्या कायद्याने तो जाच सर्व प्रांतांत पसरला. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारांचे कुंपण पाहिलेली माणसे अगदी अलीकडेपर्यंत होती. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. पाठीवरच्या बिऱ्हाडाची ही दुसरी बाजू विसरून पहिलीचा इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

घोड्यांची गाडी जाऊन मोटार आली तेव्हा एक नवाच प्रश्न उभा राहिला. तो आपल्याकडच्या बैलगाडीवाल्याला समजावून सांगावा लागणार नाही. पोती मागे जास्त रचली की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त रचली की सारा भार बैलांच्या मानेवर. दोनचाकी ट्रेलरचेही तंतोतंत असेच आहे. एकंदर वजनाचा साधारण दहावा हिस्सा ते त्याहून थोडा अधिक भार मोटारीच्या आकड्यावर यावा लागतो. मागच्या बाजूला वजन जास्त झाले तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलू लागला की मोटारीलाही फरफटत नेतो. म्हणून नव्या ट्रेलरमध्ये हौसेने फळ्या ठोकणाऱ्या माणसाने पहिला विचार करावयाचा तो सुबकपणाचा नव्हे, वजनाचा. मागच्या भिंतीशी पाण्याचे मोठे पिंप बसवून सोय केली असे ज्याला वाटते, त्याने वास्तविक गाडी उलाळ केलेली असते.

अमेरिकेत हा छंद मोटारीबरोबरच फोफावला. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे मोटारप्रवाशांनी एक मंडळ काढले, त्याचे नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स'. डबाबंद अन्नावर राहणारे हे लोक मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर रिकामा डबा डाक देऊन चिकटवीत आणि त्या खुणेवरून एकमेकांस ओळखीत. बहुतेक गाड्या घरीच केलेल्या. कोणी फोर्ड मोटारीच्या सांगाड्यावर तंबू उभारी, कोणी लाकडी खोके.

त्यानंतरची हकीकत अशी. डेट्रॉइट शहरात आर्थर शर्मन नावाचे एक जंतुशास्त्रज्ञ होते. १९२९ च्या सुमारास त्यांनी सहलीसाठी तयार तंबूगाडी विकत घेतली. पाच मिनिटांत उभी राहते, असे विकणाऱ्याने सांगितले होते. पहिल्याच रात्री वादळी पाऊस आला. पाच मिनिटे गेली, पंधरा गेली, मंडळी चिंब भिजली, आणि गाडी काही उभी राहीना. परत येताच शर्मन यांनी सुताराला बोलावले व पक्क्या भिंतींची, छपराची, कशीही उलगडावी न लागणारी गाडी करवून घेतली. घरच्या मुलांनी तिला 'कव्हर्ड वॅगन' असे नाव ठेवले. पश्चिमेकडे वसाहतीसाठी गेलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या छतवाल्या गाड्यांचे ते नाव होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तशीच गाडी मागितली, शर्मन यांनी ती प्रदर्शनात मांडली, आणि काही वर्षांतच त्यांचा कारखाना देशातील सर्वांत मोठ्या ट्रेलर कारखान्यांत गणला जाऊ लागला. एका फसलेल्या सहलीची ही फलश्रुती.

वॉली बायम यांची कथा याहून चटकदार आहे. हे गृहस्थ जाहिरातीच्या व मासिकांच्या धंद्यात होते. त्यांच्या मासिकात, घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा, असा एक लेख छापला गेला. वाचकांची पत्रे येऊ लागली, की तुमच्या नकाशाप्रमाणे केले तर गाडी होत नाही. संपादकाने अशा वेळी सहसा लेखकाला पत्र पाठवून हात झटकावे. बायम यांनी स्वतःच करवत उचलली. तंबू ठोकून राहण्याची त्यांना आवड होती, पण पत्नीला चूल सोडून बाहेर पडणे मान्य नव्हते. तिचे म्हणणे रास्तच होते, कारण सहलीला गेले तरी स्वयंपाक तिलाच करावयाचा होता, तोही वाऱ्यात आणि धुळीत! म्हणून त्यांनी शेगडी व बर्फाची पेटी गाडीत बसविली. त्या काळच्या गाड्यांत माणसाला वाकून वावरावे लागे; बायम यांनी दोन चाकांच्या मधली जमीन खाली घेतली आणि छप्पर वर नेले, तेव्हा माणूस आत ताठ उभा राहू लागला. सुधारणा म्हणजे एवढीच, पण जी बाई तासभर चुलीपुढे उभी राहते तिला तिचे मोल विचारावे.

पुढे विमानविद्येत मुरलेल्या हॉली बोलस यांच्या धातूच्या गाडीच्या धर्तीवर बायम यांनी १९३६ साली 'एअरस्ट्रीम क्लिपर' काढली. रिव्हेट मारलेले अ‍ॅल्युमिनिअमचे गोलसर अंग, चौघांची झोपण्याची सोय, स्वतःचा पाणीसाठा, विजेचे दिवे. किंमत १२०० डॉलर. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हे.

त्याच मंदीत, ज्यांच्याजवळ सहलीला पैसा नव्हता त्यांनीही ट्रेलर घेतला, कारण घरभाडे देण्यापेक्षा तो स्वस्त पडे. गावोगावच्या पुढाऱ्यांना हे रुचले नाही. १९३६ साली मिशिगन राज्यातील ऑर्चर्ड लेक या गावाने तळ्याकाठी ट्रेलरमध्ये राहणाऱ्या एकावर खटला भरला. ट्रेलर हे वाहन की घर, हा वादाचा मुद्दा. न्यायाधीशांनी आतली सोय विचारात घेऊन निर्णय दिला, की चाके असोत वा नसोत, हे मनुष्याचे राहते घरच आहे. आणि घर ठरले म्हणूनच ते गावच्या घरबांधणीच्या नियमांत अडकले. ज्याने आपली गाडी मन लावून घरासारखी सजविली, त्याच्याविरुद्ध ती सजावटच साक्षीला उभी राहिली, असा हा विचित्र न्याय. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारनेच कारखान्यांतील कामगारांसाठी हजारो ट्रेलर विकत घेतले, तेव्हा नियमांची धार आपोआप बोथट झाली.

युद्धानंतर बायम ट्रेलरांचे तांडेच घेऊन देशोदेशी हिंडू लागले. १९५९ साली एकेचाळीस गाड्यांचा तांडा केपटाऊनहून कैरोकडे निघाला. आफ्रिकेच्या चिखलाने आणि खडकाळ वाटांनी, कारखान्यातील कोणत्याही परीक्षेने झाली नसती अशी त्या गाड्यांची परीक्षा केली. १९६२ साली बायम वारले. त्यांच्या मागे १९६३-६४ साली सिंगापूरहून निघालेल्या तांड्याने भारतातूनही मार्ग काढला. त्या चकचकीत चंदेरी गाड्या आणि रस्त्याच्या कडेला गाढवावर संसार लादून चाललेले आपले घिसाडी एकाच सडकेवर एकमेकांसमोर आले असतील, तर कोणी कोणाकडे अधिक आश्चर्याने पाहिले असेल?

मालकाच्या कल्पकतेचा एक लहानसा मासला सांगण्याजोगा आहे. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली आपल्या पूडल कुत्र्यासह अमेरिका पाहावयास निघाला. ट्रेलर नव्हे, मालमोटारीवर बसविलेली खोली त्याने घेतली होती, आणि डॉन किहोतेच्या घोड्यावरून तिचे नाव 'रोसिनान्ते' ठेवले होते. कपडे धुवावयाचे कसे? त्याने झाकणाची बादली ताणल्या जाणाऱ्या दोरीने कपाटात टांगली. तीत पाणी, साबण आणि मळके कपडे. दिवसभर गाडीच्या हेलकाव्यांनी बादली घुसळत राही आणि संध्याकाळी ओढ्यावर कपडे खळबळून काढले की काम झाले.

परंतु ट्रेलरमध्ये करण्यात आलेला सर्वांत विलक्षण फेरफार हौसेपोटी झालेला नाही. चंद्रावरून परतणाऱ्या माणसांबरोबर एखादा अज्ञात जंतू पृथ्वीवर येईल, अशी भीती शास्त्रज्ञांना वाटत होती. तेव्हा त्यांना सर्वांपासून अलग ठेवण्यासाठी अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने एअरस्ट्रीमच्या सांगाड्यावरून चार खोल्या तयार करवून घेतल्या. चाके काढली. आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखला, म्हणजे फट राहिली तरी हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. आणि बाहेर सोडावयाची हवा गाळून सोडली. २४ जुलै १९६९ रोजी 'हॉर्नेट' या युद्धनौकेवर आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स या बिऱ्हाडात शिरले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्यांच्याशी खिडकीच्या काचेतून बोलावे लागले. आत त्यांच्या सोबतीस एक डॉक्टर होता, आणि जॉन हिरासाकी नावाचा एक इंजिनियर. यंत्रे सांभाळणे आणि जेवण गरम करून देणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे होती.

१९७१ सालच्या अपोलो-१४ नंतर ही खबरदारी अनावश्यक ठरली व खोल्या इतर खात्यांच्या हवाली झाल्या. त्यांतील अपोलो-१२ च्या वेळची एक कोठे गेली याचा पुढे कित्येक वर्षे कोणास पत्ता नव्हता. २००७ साली ती अलाबामा राज्यातील मॅरियन गावी, माशांच्या पैदाशीच्या एका सरकारी केंद्राच्या आवारात उन्हापावसात पडलेली सापडली. आता ती हंट्सव्हिल येथील संग्रहालयात आहे.