गोठवल्यावर वय थांबतं का?

विज्ञानकथेतला माणूस कितीही वर्षं झोपला तरी उठतो तेव्हा तरुणच! फ्रेंच लेखक एदमों आबू यांच्या 1862 सालच्या कादंबरीत नेपोलियनच्या सैन्यातला 24 वर्षांचा कर्नल 1813 मध्ये चक्क वाळवून ठेवला जातो आणि 46 वर्षांनी पुन्हा जिवंत होतो. वय तेच, 24.

1931 मध्ये नील जोन्स यांच्या कथेत वाळवणं जाऊन अंतराळातली थंडी आली. ती कथा वाचूनच रॉबर्ट एटिंगर यांना माणसं गोठवण्याची कल्पना सुचली. 1964 मध्ये त्यांचं पुस्तक गाजलं आणि 12 जानेवारी 1967 रोजी अमेरिकेत जेम्स बेडफर्ड यांचा देह मृत्यूनंतर लगेच गोठवण्यात आला. कथेतून थेट दवाखान्यात!

यात तथ्य किती? शरीराचं तापमान एक अंशाने उतरलं की चयापचय साधारण 6 ते 7 टक्क्यांनी मंदावतो. मोठ्या हृदयशस्त्रक्रियांत आम्ही डॉक्टर याचाच आधार घेतो. शीतनिद्रा घेणाऱ्या मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यात, डीएनएवरच्या खुणांवरून मोजलेलं वय त्या महिन्यांत जवळजवळ वाढत नाही, असं 2022 मध्ये दिसलं. पण मार्मोट मधूनमधून जागा होतो, अंग गरम करतो. गोठलेल्या पेशीत दुरुस्ती करणारी एन्झाइम्सही थांबतात, आणि शरीरातल्या पोटॅशियमचा नैसर्गिक किरणोत्सार मात्र डीएनएवर घाव घालतच राहतो. कथाकार हे सोयीस्करपणे विसरतात.

बेडफर्ड 73 वर्षांचे होते, मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसात पसरलेला. उद्या ते उठलेच, तर तोही सोबत उठेल.