मुलांची नेत्रइजा : गांभीर्याची पारख

विटीचा मार, बाणाची काडी, पेन्सिलचे टोक, फटाका किंवा चुन्याची पुडी यांमुळे मुलाच्या डोळ्याला झालेली इजा किती गंभीर आहे, हे ठरवण्याची पद्धत. लालीवरून अंदाज बांधणे ही यातली सर्वांत घातक चूक होय. पांढऱ्या भागावर पसरलेला लालभडक डाग पाहून घरचे घाबरतात. पण नजर शाबूत असेल, दुखत नसेल आणि मार किरकोळ असेल, तर तो बहुधा दोन-तीन आठवड्यांत विरतो. उलट चुन्याने भाजलेला डोळा पांढराफटक दिसला, तर बुबुळाभोवतीच्या रक्तवाहिन्याच जळाल्या असे समजावे. चुन्यातला अल्क ऊतींत खोल शिरतो आणि त्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून जाळतच राहतात. म्हणून येथे पारख नंतर, पाणी आधी : पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने १५ ते ३० मिनिटे डोळा धुवावा, मगच रुग्णालय गाठावे.

इतर इजांत पहिला प्रश्न नजरेचा. तान्हे मूल सांगू शकत नाही. मात्र चांगला डोळा झाकताच ते हात झटकून रडू लागले आणि दुखरा झाकल्यावर शांत राहिले, तर दुखऱ्या डोळ्याला कमी दिसत असावे. बाहुली थेंबासारखी ओढलेली दिसली, तर डोळा फुटल्याचा संशय धरावा. अशा वेळी चोळणे, दाबणे, औषध घालणे किंवा रुतलेली वस्तू काढणे टाळावे. कागदी पेल्याने डोळा झाकावा. भूल द्यावी लागेल म्हणून मुलाला खायला-प्यायला देऊ नये.

बुक्का बसल्यावर डोळा वर फिरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर खोबणीच्या तळाच्या भेगेत स्नायू अडकलेला असू शकतो. बाहेरून डोळा जवळजवळ निरोगी दिसतो, त्यामुळे उलट्यांचा दोष डोक्याच्या माराला दिला जातो. बुबुळामागे रक्त साचले असेल, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चौकशी आवश्यक ठरते. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा विकार आढळतो. नुसत्या वाहक मुलातही डोळ्यातील दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

२००२ मध्ये कून व सहकाऱ्यांनी मांडलेल्या नेत्रइजेच्या गुणांकनात सर्वाधिक भार सुरुवातीच्या दृष्टीला आहे. मुलांत मात्र वयाच्या सुमारे सात-आठ वर्षांपर्यंत दृष्टी घडत असल्याने जखम भरली तरी डोळा आळशी होऊ शकतो. त्यासाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार पुढे बराच काळ चालतात.