पुन्हा पाहणे एकच नव्हे

उजळणी, पुनरावलोकन, पुनर्विलोकन, पुनरीक्षण, सिंहावलोकन, फेरविचार हे सारे समानार्थी, वाक्यात बसेल तो घ्यावा, हे मत शाळेतल्या शब्दयाद्यांनी पक्के करून ठेवले आहे. आधार अमरकोशाचा देतात: तिथेही एका वस्तूची नावे ओळीने मांडली आहेतच!

आहेत. पण टीकाकार त्या नावांची व्युत्पत्ती वेगवेगळी सांगतात. पृथ्वी धारण करते म्हणून धरा, धन पोटात ठेवते म्हणून वसुधा. खुद्द ‘पर्याय’ या शब्दाचा जुना अर्थ पाळी, क्रम असा आहे. ज्याची पाळी त्यानेच यावे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: शब्द लोकांच्या वापराने ठरतात, कोशाने नव्हे. मान्य. मग गोव्यातल्या आमच्या मांद्र्यातच पाहू. गणपतीची चवथ जवळ आली की घुमट वाजवायला बसणारी मुले आरत्यांची उजळणी करतात. ती आरत्यांचे पुनर्विलोकन करतात, असे कोणाच्या तोंडी येईल? उजळणे म्हणजे घासून लख्ख करणे. कळशी तीच राहते, जातो तो डाग. विसरलेलो असतो आपण. आरतीत काही चुकलेले नसते.

पुनर्विलोकनात संशय पाहिलेल्या गोष्टीवरच असतो. माडांच्या भाटाच्या मेरेवरून पेडण्याच्या दिवाणी न्यायालयात दावा चालला असे धरू. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 114 प्रमाणे पुनर्विलोकन मागायचे ते निकाल देणाऱ्या त्याच न्यायालयाकडे. नवा महत्त्वाचा पुरावा हाती आला, किंवा चूक कागदावरच उघड दिसत असली तर. मुदत 30 दिवस. कलम 115 चे पुनरीक्षण करते उच्च न्यायालय, म्हणजे गोव्यात वाट पर्वरीची. जिथे अपील चालत नाही तिथेच ते मागता येते, आणि खालच्या न्यायालयाने आपली अधिकारकक्षा नीट पाळली का, यावर तिथे नजर असते. मुदत 90 दिवस. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘पुन्हा पाहणे’ एवढाच शिकलेल्या माणसाने साठाव्या दिवशी कुठे जावे?

पुनरावलोकन तेवढे सैल आहे, ते पुष्कळ ठिकाणी चालते. सिंहावलोकन मात्र चालत नाही. सिंह पुढे जाता जाता मान वळवून मागची वाट पाहतो, मागे फिरत नाही. म्हणून संस्थेच्या पन्नास वर्षांचे सिंहावलोकन होते. ‘सिंहावलोकन करून ठराव मागे घेतला’ असे लिहिणाऱ्याला म्हणायचा असतो फेरविचार.