शब्द हाच रोखा

‘माय वर्ड इज माय बॉण्ड’ हे वाक्य इंग्रजी शिकताना कधी ना कधी भेटतेच. मुले त्याचे मराठी ‘माझा शब्द हे माझे बंधन’ असे करतात, आणि गुरुजीही बरोबरची खूण करून पुढे जातात. अर्थ चुकला असे नव्हे, अर्धा राहिला. इथला बॉण्ड म्हणजे सही करून दिलेला कागद. सावकाराला लिहून देतात तसला रोखा. ‘मी तोंडाने हो म्हटलं, की रोख्यावर सही झाली असं समजा,’ असे तो बोलणारा सांगतो आहे.

म्हण जुनी आहे, पण तिला खरा मान दिला तो लंडनच्या शेअरबाजाराने. आता तुम्ही म्हणाल, पैशाच्या बाजारात कागद सोडून शब्दावर कशाला विसंबायचे? कारण ऐकण्यासारखे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथले दलाल चेंज ॲली नावाच्या बोळातल्या कॉफीच्या दुकानांत जमत. जोनाथनचे दुकान त्यांतले प्रसिद्ध. पुढे १७२० साली साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, अनेक घरे बुडाली, आणि १७३४ साली पार्लमेंटने कायदा केला, की जवळ नसलेले शेअर पुढच्या वायद्याने विकायचे नाहीत. वायदे काही थांबले नाहीत हो! मात्र बुडालेला माणूस कोर्टात दाद मागू शकेना, कारण सौदाच बेकायदा. हा कायदा १८६० पर्यंत होता. कोर्ट पाठीशी नाही म्हटल्यावर उरला एक शब्द, आणि तो मोडणाऱ्याला ओळखणारी चार माणसे.

म्हणून त्या चार माणसांनी आपली शिक्षा आपणच ठरवली. देणे न देणाऱ्याला ते ‘लंगडे बदक’ म्हणत. १८०१ साली बाजार रीतसर सभासदांचा झाला. बाहेरच्याला आत मज्जाव. पुढे एखादा सभासद बुडाला, की बाजारातला शिपाई लाकडावर हातोडा आपटायचा, सगळा गलका थांबायचा, आणि त्याचे नाव पुकारले जायचे. या शिपायांना ‘वेटर’ म्हणत. कॉफीच्या दुकानाची तेवढी आठवण राहिली होती. हातोडा वाजला, की त्या माणसाचा धंदा संपला.

एरवी सौदा म्हणजे दोघांचे दोन शब्द. ज्याने त्याने आपल्या वहीत टिपून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी कारकुनांनी दोन्ही वह्या ताडून पाहायच्या. कागद होता, नाही असे नाही. पण तो शब्दाच्या मागून यायचा. भाव रातोरात उलटला तरी ‘मी तसं म्हणालोच नाही’ म्हणायची सोय नव्हती. बाजाराला १९२३ साली मानचिन्ह मिळाले, त्यावर हेच ब्रीद लॅटिनमध्ये आले: ‘डिक्टुम मेउम पाक्टुम’. पाक्टुम म्हणजे करार.

माझ्या मते यात साधुत्व थोडे आणि व्यवहार फार आहे. रोज त्याच माणसांना तोंड दाखवायचे असेल, तर खोटे परवडत नाही. गावच्या आठवडी बाजारात बैलाचा सौदा ठरवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

वर्गात शिकवताना एक जपावे. हे वाक्य भारदस्त आहे. उद्या वही आणून देतो म्हणताना ते शोभत नाही. तिथे ‘आय प्रॉमिस’ पुरे. दुसऱ्याची ग्वाही द्यायची तर ‘हिज वर्ड इज हिज बॉण्ड’ म्हणावे. बोलल्याप्रमाणे करून दाखवले, तर ‘ही वॉज ॲज गुड ॲज हिज वर्ड’. मराठीत ‘शब्दाला जागला’ म्हटले की काम झाले.

२७ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या बाजाराचे नियम बदलले, आणि पाहता पाहता समोरासमोरचे सौदे जाऊन संगणकाचे पडदे आले. आता तर दलालांना सौद्यांचे टेलिफोनवरचे बोलणेसुद्धा ध्वनिमुद्रित करून ठेवावे लागते.