दोन डबे

उमेळ्यात आमच्या वाडीच्या तोंडाशी एक फियाट उभी असायची. आप्पांनी ती जुनीच घेतली होती. तेव्हा गावात गाड्या मोजक्याच. कुणाची सून अडली, कुणाला जनावर चावलं, की रात्री-अपरात्री दाराशी हाक यायची, "आप्पा, गाडी काढता का?" आप्पा सदरा चढवत बाहेर. भाड्याचं कधी बोलले नाहीत.

गाडी मुळात इटलीची, पण आमच्या लेखी ती कुर्ल्याचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायसलरच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० तिथून बाहेर पडू लागली. मग ती 'डिलाईट' झाली, सत्तरच्या दशकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि शेवटी 'पद्मिनी'. नावं बदलली, पण आतला सांगाडा तोच राहिला. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर आणि स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. म्हणजे गाडी नव्वदच्या दशकात रस्त्यावर असली, तरी तिची यंत्रं पन्नासच्या दशकातली. माझी चूक इथंच झाली.

आप्पांकडे तेलाचे दोन डबे असत. दोन्ही नव्वद नंबरचे. एकावर खडूनं 'पुढे' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'मागे'. पुढचं गिअरबॉक्सचं, मागचं क्राऊनचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दात्यांचं. मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटायचं. नंबर एकच, मग डबे दोन कशाला? एकदा सर्व्हिसिंगचं काम माझ्याकडे आलं. दुकानात मी सगळ्यात महाग तेल मागितलं. डब्यावर 'जीएल-५' होतं. चारापेक्षा पाच बरा, असा माझा हिशोब. दोन्हीकडे तेच ओतलं.

काही महिने काही कळलं नाही. मग दुसरा गिअर टाकताना खर्रर्र व्हायला लागलं. पावसाळ्यात एका रात्री शेजारच्या वहिनींना कळा सुरू झाल्या. मागे वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, पुढे आप्पांजवळ मी. दुसरा गिअर काही केल्या पडेना. आप्पा पहिल्यावर गाडी ताणायचे आणि एकदम तिसऱ्यात टाकायचे. इंजिन गुरगुरायचं, गाडी हिसके द्यायची, मागून कण्हणं ऐकू यायचं. वसई गावातल्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तेवढा लांब मला कधीच वाटला नव्हता. वेळेत पोचलो, बाळ-बाळंतीण सुखरूप. येताना आप्पा एकच वाक्य बोलले, "सकाळी मिस्त्रीकडे जा."

मिस्त्रीनं खालचा नट काढला. काळं तेल तसराळ्यात पडलं. त्यानं बोट बुडवून उन्हात धरलं, तर बोटावर पिवळी चमक. "घे, सोनं निघालं," म्हणाला.

मग त्यानं समजावलं ते असं. क्राऊनचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतात. ही हायपॉइड रचना १९२६ मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड गाडीत आली, आणि तिच्यापुढे साधं तेल टिकेना. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरस घालू लागले. ताप वाढला की त्यांचा पोलादावर पातळ थर धरतो, दाते वाचतात. जीएल-५ मध्ये हा मसाला जीएल-४ च्या साधारण दुप्पट. पण असल्या जुन्या गिअरबॉक्सांत पितळी रिंगा आणि ब्राँझचे बुश असतात. तोच मसाला तापल्यावर हा पिवळा धातू खातो. शिवाय गिअर बदलताना रिंगेनं दात्याला क्षणभर घट्ट धरून त्याचा वेग जुळवायचा असतो. तेल फार निसरडं असलं की रिंग धरत नाही, मग खर्रर्र.

"मग आता जाड, एकशेचाळीस घालू का?"

"आवाज दाबेल, दुखणं नाही. जुनी गाडी विकताना काही जण गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरतात. केळीची साल कोंबतात असंही ऐकलंय. तुमच्याकडे केळीला काय तोटा!"

रिंगा बदलल्या. पुढे जीएल-४, मागे जीएल-५. बाजूच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं, जास्त नाही. खर्च आप्पांनी केळीच्या पैशातून दिला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पद्मिनी बनणं बंद झालं, आमची फियाटही गेली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो पाहिला, आणि पडवीतल्या फळीकडे नजर गेली. दोन्ही डबे तिथंच आहेत. 'मागे' पुसट झालंय. 'पुढे' मी एकदा खडूनं परत गिरवलं होतं, ते मात्र नीट वाचता येतं.