बाळाला दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा पुढे किती उपयोग होतो?

बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ड जीवनसत्त्वाचे (व्हिटॅमिन डी) थेंब रोज द्यायला लिहिलेले असतात. मंगळवार पेठेतील माझ्या दवाखान्यात त्यावर दोन प्रश्न हमखास येतात. "थेंबांनी पोरगं पुढं उंच होईल का?" आणि "वर्षभर औषध दिलं तर किडनीला त्रास नाही ना होणार?"

थेंब कशासाठी?

आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे, पण त्यात हे जीवनसत्त्व फारच कमी असते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना पहिले वर्षभर रोज ४०० युनिट देण्याची शिफारस करते. ते न मिळाल्यास मुडदूस होऊ शकतो : मनगटे जाड होणे, पाय वाकणे, दात उशिरा येणे. कॅल्शियम फार उतरल्यास झटकेही येतात.

दीर्घकाळात काय दिसले?

दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात जन्मलेल्या, कमी वजनाच्या २,०७९ बाळांवर याचा अभ्यास झाला. निम्म्या बाळांना सहा महिने दर आठवड्याला १,४०० युनिट दिले. मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. सहाव्या महिन्यात वाढ मात्र थोडी चांगली होती. पुढे ३ ते ६ वर्षांच्या वयात त्यांतील ९१२ मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा उंची, हाडांची मजबुती आणि हालचालींची क्षमता यांत फरक उरला नव्हता. थेंब मिळालेली मुले किंचित सडपातळ होती, इतकेच.

फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत, नियमित थेंब मिळालेल्यांना पुढे टाइप १ मधुमेह कमी झालेला दिसला. पण ती केवळ पाहणी होती. थेंबांमुळेच मधुमेह टळला असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच देशातील नंतरच्या एका प्रयोगात दोन वर्षांपर्यंत रोज ४०० ऐवजी १,२०० युनिट देऊन पाहिले. हाडे जास्त मजबूत झाली नाहीत, संसर्गही कमी झाले नाहीत.

थोडक्यात, थेंब हे उंचीचे टॉनिक नाही. हाडे झपाट्याने वाढतात त्या वर्षातले ते संरक्षण आहे. ते पुढे आपोआप टिकत नाही आणि डोस वाढवल्याने फायदा वाढत नाही.

किडनीला धोका आहे का?

रोज ४०० युनिटने नाही. धोका चुकीच्या मापाचा आहे. बाजारात १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट आणि ८०० युनिट अशा दोन्ही बाटल्या मिळतात. नवी बाटली आणली की लेबल वाचा आणि त्याच बाटलीतले ड्रॉपर वापरा. मोठ्यांसाठीचे ६०,००० युनिटचे पाकीट बाळाला स्वतःहून कधीही देऊ नका. त्यात बाळाचा तब्बल १५० दिवसांचा डोस असतो. अतिडोसाने रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, दूध नाकारणे, वारंवार लघवी ही त्याची लक्षणे. त्यातून किडनीत कॅल्शियम साचू शकते. अशी लक्षणे दिसल्यास थेंब थांबवून बाटलीसह लगेच डॉक्टरांकडे जा.

ऊन दाखवले तर चालणार नाही का?

आंघोळीनंतर बाळाला दाखवतो त्या सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे बनत नाही, आणि खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात तर जवळपास नाहीच. दुपारचे कडक ऊन तान्ह्याला सोसत नाही. शिवाय कोल्हापूरचा पावसाळा कित्येक दिवस सूर्य दिसू देत नाही. म्हणून थेंबच भरवशाचे.

वर्षानंतर काय?

एक वर्षानंतर रोजची गरज ६०० युनिट होते. ती मुख्यतः उन्हातून भागवायची असते. सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत अर्धा तास, हातपाय उघडे ठेवून मुलांना बाहेर खेळू द्या. कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर असते, पण ड जीवनसत्त्व नगण्य. अंडी व मासे खात असाल तर जरूर द्या. दूध, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. ते नसेल तर नुसते ड जीवनसत्त्व पुरत नाही.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, यकृताचा, किडनीचा किंवा झटक्यांचा आजार असेल, तर डोस बालरोगतज्ज्ञच ठरवतील. बाकी बाळांना रोज ४०० युनिट, ठरलेल्या वेळी, वर्षभर. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.